जुन्या नकाशांतले कोल्हापूरचे शिवार

मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा कोल्हापूरवरचा चोविसावा खंड १८८६ साली निघाला. त्या दशकातला कोल्हापूर संस्थानचा कोणताही नकाशा उघडला तर आजचा वाचक आधी गोंधळतो. त्यात जयसिंगपूर नाही, राधानगरी नाही, गांधीनगर नाही. मिरजेहून येणारा लोहमार्ग नाही. चंदगड संस्थानाच्या हद्दीबाहेर आहे आणि रायबाग हद्दीत. आळते या नावाला मात्र मोठा मान आहे, कारण संस्थानच्या सहा पेट्यांपैकी, म्हणजे तालुक्यासारख्या विभागांपैकी, ती एक. करवीर, पन्हाळा, शिरोळ, गडहिंग्लज आणि भुदरगड या बाकीच्या पाच. आज आळते हे हातकणंगले तालुक्यातले एक गाव आहे, आणि बाहेरगावच्या माणसाला ते सांगताना ‘हातकणंगल्याजवळ’ असेच सांगावे लागते.

या प्रत्येक फरकामागे एक तारीख आहे. कोल्हापूरला रेल्वे आली १८९१ साली. राधानगरी वसली ती राजर्षी शाहूंनी भोगावतीवर धरण बांधायला घेतल्यावर, विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात. गावाला नाव मिळाले महाराजांच्या कन्येचे, राधाबाई अक्कासाहेबांचे. जयसिंगपूर ही शाहू महाराजांनीच वसवलेली आखीव बाजारपेठ, आणि तिचे नाव त्यांचे जनक पिता कागलचे जयसिंगराव घाटगे यांच्यावरून. गांधीनगर फाळणीनंतरचे. चंदगड १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत बेळगाव जिल्ह्यातून कोल्हापुरात आले. रायबाग त्याआधीच बेळगावकडे गेले होते. जुना आणि नवा असे दोन नकाशे शेजारी ठेवले की मधल्या सव्वाशे-दीडशे वर्षांतले प्रश्न आपोआप उभे राहतात. उत्तरे नकाशात नसतात. त्यासाठी दप्तर चाळावे लागते आणि शिवार तुडवावे लागते.

कोल्हापूरचा इतिहास म्हटला की अंबाबाईचे देऊळ, पन्हाळा, ताराराणी आणि शाहू महाराज ही नावे पुढे येतात, आणि ते योग्यच आहे. पण जिल्ह्यात हजाराहून अधिक गावे आहेत. त्यातल्या बहुतेकांचा लिखित इतिहास ग्रामदैवताची एक आख्यायिका, पाटीलकीचा एक वाद आणि स्मरणिकेतली चार पाने यापलीकडे जात नाही. गावाला भूतकाळ नव्हता असे नव्हे. तो जमिनीत, बांधात, ओढ्याच्या वळणात आणि शेतांच्या नावांत राहिला. ग्रंथात आला नाही. तिथपर्यंत पोचायला जुना नकाशा हे सर्वांत स्वस्त आणि तरीही सर्वांत कमी वापरलेले साधन आहे.

इंग्लंडमध्ये हे काम विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शास्त्र बनले. मॉरिस बेरेसफर्ड यांनी जुने नकाशे, करांच्या याद्या आणि विमानातून काढलेली छायाचित्रे यांची सांगड घालून तिथली शेकडो ओस पडलेली मध्ययुगीन खेडी हुडकली; त्यांचे पुस्तक १९५४ चे. पुढच्याच वर्षी डब्ल्यू. जी. हॉस्किन्स यांनी इंग्लंडची भूमी कशी घडत गेली याचा ग्रंथ लिहिला आणि बांध, कुंपणे, पायवाटा ही इतिहासाची साधने आहेत हे सामान्य वाचकालाही पटवले. महाराष्ट्रात दामोदर धर्मानंद कोसंबी साधारण त्याच काळात पुण्याच्या परिसरात पायी हिंडत होते. तिठ्यावरच्या देवी, लेणी आणि जुने व्यापारी मार्ग यांचा संबंध त्यांनी पायाने मोजला. दुर्दैवाने कोसंबींचे निष्कर्ष आपल्याकडे पुष्कळ वाचले गेले, त्यांची हिंडण्याची पद्धत फार थोड्यांनी उचलली.

आता नकाशांकडे वळू. पहिली गोष्ट ही की गावाचा नकाशा गावाने काढलेला नसतो. तो कुणीतरी, कशासाठी तरी काढलेला असतो. कुणाला सारा बसवायचा असतो, कुणाला तोफा न्यायच्या असतात, कुणाला हद्दीचा तंटा मिटवायचा असतो. काढणाऱ्याला जे हवे ते नकाशात ठसठशीत उतरते आणि जे नको ते गळते. कोल्हापूरच्या बाबतीत हे फार स्वच्छ दिसते.

१८४४ साली सामानगड, भुदरगड, पन्हाळा इथल्या गडकऱ्यांनी उठाव केला. इंग्रजांनी तो मोडला, गडांची तटबंदी पाडली. पन्हाळ्याचा चार दरवाजा त्याच वेळी जमीनदोस्त झाला. त्यानंतर संस्थानचा कारभार कंपनीच्या देखरेखीखाली गेला, आणि दहा वर्षांनी, १८५४ मध्ये, मेजर डी. सी. ग्रॅहम यांचा कोल्हापूरवरचा आकडेवारीचा मोठा अहवाल छापून आला. गावे, लोकसंख्या, जाती, पिके, रस्ते, गड, देवळे, शिलालेख असे सारे त्यात आहे. उठाव मोडल्यानंतर मुलूख समजून घेण्याची सत्तेला जी घाई होते, तिचे ते फळ होते. अहवाल वाचताना हे विसरले तर ग्रॅहम नुसता जिज्ञासू विद्वान वाटतो. तो विद्वान होताही, पण त्याचे खाते वेगळे होते.

महसुली मोजणीची गोष्ट याहून जवळची, कारण तिचे अवशेष आजही प्रत्येक शेतकऱ्याच्या कागदात आहेत. १८३५ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन अधिकाऱ्यांनी इंदापूर भागात जी मोजणीपद्धत बसवली, ती पुढे मुंबई इलाखाभर गेली आणि संस्थानांतही तिचीच धर्ती आली. तिचे माप तेहतीस फुटी साखळी. साखळीचे भाग सोळा, म्हणून मोजणीदार अंतर ‘आण्यां’त सांगत. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा, १,०८९ चौरस फूट. चाळीस गुंठ्यांचा एकर. प्रत्येक सर्व्हे नंबराचे टिपण काढले जाई: शंकूने काटकोन साधायचा, साखळी टाकायची, बांधाचे कोपरे, विहीर, झाड, ओढा हे सारे हाताने कागदावर मांडायचे. त्यावरून पुढे फाळणी, आकारबंद आणि गावनकाशा.

टिपण हा कागद दिसायला अगदी साधा असतो. पण साडेतीन मैलांचा मुलूख एका तळहाताएवढ्या जागेत बसवणारा सुबक छापील नकाशा जे सांगू शकत नाही, ते टिपण सांगते. अमक्या बांधाला तेव्हा आंब्याचे झाड होते, तमक्या नंबरात दोन विहिरी होत्या, ओढा आजच्यापेक्षा चाळीस फूट पलीकडून जात होता. मोडी न येणाऱ्याला मात्र त्यातले अर्धे मुके राहते. जुनी टिपणे आणि संस्थानचे दप्तर मोडीत आहे, आणि कोल्हापूरच्या ग्रामीण इतिहासात हात घालू पाहणाऱ्याला संगणकाआधी मोडी शिकायला हवी, हे इथेच स्पष्ट सांगितलेले बरे.

मधे आणखी एक अडथळा आहे. १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरण कायद्यानंतर गावोगावी जमिनींचे एकत्रीकरण झाले आणि सर्व्हे नंबरांच्या जागी गट नंबर आले. जुन्या नकाशातला नंबर आणि आजच्या सातबारावरचा नंबर यांचा मेळ त्यामुळे सरळ बसत नाही. आजोबांच्या कागदातला सर्व्हे नंबर घेऊन तलाठ्याकडे गेलेल्या नातवाची जी तारांबळ उडते, तिचे मूळ इथे आहे. जुना नंबर कोणत्या गटात गेला हे दाखवणारे एकत्रीकरणाचे तक्ते भूमि अभिलेख खात्याकडे असतात. ते हाताशी घेतल्याशिवाय जुना गावनकाशा आजच्या शिवारावर अंथरण्याचा प्रयत्न करू नये.

तिसऱ्या प्रकारचे नकाशे सर्व्हे ऑफ इंडियाचे. या खात्याची स्थापना १७६७ ची. मद्रासजवळ विल्यम लॅम्बटन यांनी १८०२ साली पायारेषा मोजून सुरू केलेली महान त्रिकोणमितीय मोजणी त्याची कीर्ती. एका इंचाला एक मैल या प्रमाणाची त्यांची पत्रके विसाव्या शतकात निघाली आणि पुढे १:५०,००० ची आली. कोल्हापूर शहर, पन्हाळा आणि पूर्वेकडचा बहुतेक जिल्हा ‘४७ एल’ या गटात येतो. पश्चिमेची सह्याद्रीची धार ‘४७ एच’ मध्ये. गावठाण, पाऊलवाट, गाडीवाट, बांधीव विहीर, तळे, देऊळ, डाकबंगला, नदीचा उतार अशा कितीतरी गोष्टींना त्यात ठरलेल्या खुणा आहेत आणि समोच्चरेषांमुळे डोंगराचा आकार हाताला लागतो. त्रिकोणात ठिपका दिसला की त्या माथ्यावर मोजणीदारांनी ठाणे मांडले होते असे समजावे. पुष्कळ डोंगरांवर त्यांचा खुणेचा दगड अजून सापडतो.

पण पत्रकाखाली छापलेल्या सालावर डोळे मिटून विश्वास ठेवू नये. मोजणीचे साल वेगळे, छपाईचे वेगळे, आणि दुरुस्ती अनेकदा फक्त रस्ते-रेल्वेपुरती झालेली असते. १९४० च्या छपाईत वीस वर्षांपूर्वीचे गाव निवांत बसलेले आढळते. दुसरे म्हणजे, जुन्या पत्रकांवरचे रेखांश मद्रासच्या वेधशाळेच्या त्या वेळी मानलेल्या रेखांशावर बेतलेले होते आणि तो रेखांश नंतर दुरुस्त झाला. फरक साधारण अडीच मिनिटांचा. ऐकायला किरकोळ वाटतो, पण कोल्हापूरच्या अक्षांशावर तो चार-साडेचार किलोमीटर होतो. म्हणजे छापील आकड्यांवर विसंबून जुने पत्रक आजच्या उपग्रहचित्रावर ठेवले, तर गाव शेजारच्या गावाच्या शिवारात जाऊन बसते. म्हणून आकड्यांऐवजी जमिनीवरच्या पक्क्या खुणा धराव्यात: गडाचा बुरूज, जुन्या देवळाचा गाभारा, ब्रिटिशकालीन पूल, डोंगरमाथ्यावरचा मोजणीचा दगड. नदीचा काठ धरू नये, तो हलतो. क्यूजीआयएस ही मोफत संगणकप्रणाली या कामाला पुरेशी आहे आणि भूगोलाचा विद्यार्थी ती पटकन शिकतो.

इतकी पूर्वतयारी झाल्यावर जुना नकाशा गावात न्यायचा. खरी मौज तिथून पुढे.

नकाशावरची सर्वांत टिकाऊ रेषा बहुधा हद्दीची असते. सातारच्या शाहू महाराजांत आणि कोल्हापूरच्या संभाजी महाराजांत १७३१ साली वारणेचा तह झाला आणि वारणा नदी ही दोन राज्यांची सीमा ठरली. राज्ये गेली, कोल्हापूर संस्थान १९४९ मध्ये विलीन झाले, भाषावार राज्ये आली. आज कोल्हापूर आणि सांगली या जिल्ह्यांची हद्द मोठ्या लांबीपर्यंत वारणाच आहे. नदीच्या दोन्ही काठांवर सोयरीक चालते, ऊस एकाच कारखान्याला जातो, पण तहसील कचेरी वेगळी. तीनशे वर्षांपूर्वीच्या भाऊबंदकीची ही रेघ रोजच्या व्यवहारात आहे, आणि तिच्या काठी राहणाऱ्या कितीजणांना तिचे वय ठाऊक असेल याची शंका वाटते.

संस्थानच्या आतल्या रेषा याहून गुंतागुंतीच्या. विशाळगड, बावडा, कागल, कापशी, इचलकरंजी अशा जहागिरी आणि त्यांना खेटून मिरज, सांगली, कुरुंदवाडच्या पटवर्धनांचा मुलूख. संस्थानकालीन रंगीत नकाशात हा भाग गोधडीसारखा दिसतो. एका संस्थानच्या पोटात दुसऱ्याचे एकटे गाव, त्याच्या पलीकडे पुन्हा पहिल्याची हद्द. इतिहासाच्या दृष्टीने याचा अर्थ व्यवहारी आहे. आजच्या आजरा तालुक्यातल्या गावाचे जुने कागद शोधायचे तर इचलकरंजी जहागिरीचा माग काढावा लागतो, गगनबावड्याकडच्या गावासाठी पंत अमात्यांच्या बावडा जहागिरीचा, शिरोळ तालुक्यातल्या काही गावांसाठी कुरुंदवाडचा. नुसत्या ‘कोल्हापूर’ या नावाखाली शोधणारा रिकाम्या हाताने परततो आणि आपल्या गावाला कागदच नाहीत असा समज करून घेतो.

गावठाणाबाहेरच्या जमिनींची नावे हा दुसरा खजिना. शेरी म्हटले की सरकारी वा सरदारी मालकीची जमीन, इनाम म्हटले की देवस्थान किंवा वतन. आणि भर शिवारात, आजच्या वस्तीपासून दूर, एखाद्या तुकड्याला ‘पांढर’ किंवा ‘जुने गावठाण’ म्हणत असतील तर तिथे थांबावे. राखट-पांढरी माती, खापरांचे तुकडे, जोत्याचे दगड, जवळच एखादी भग्न मूर्ती असे काही ना काही असण्याची शक्यता मोठी. दुष्काळ, साथ, पूर, लुटालूट यांनी गावे उठत आणि पाण्याच्या सोयीने दुसरीकडे बसत. जुन्या कागदांत अशा गावांची नोंद बेचिराग म्हणून येते. तिथले लोक शेजारच्या गावात मिसळले आणि हद्द तेवढी नकाशावर राहिली.

करवीर तालुक्यातले कसबा बीड हे याचे बोलके उदाहरण. आजच्या नकाशात ते कोल्हापूरच्या नैर्ऋत्येचे एक मध्यम गाव. पण गावात आणि शिवारात वीरगळांची दाटी आहे, आणि पाऊस पडून गेल्यावर शेतात बारीक सोन्याची नाणी सापडतात ही त्याची जुनी ख्याती. स्थानिक परंपरा तिथे शिलाहार भोजाची राजधानी मानते. परंपरेतला राजा बाजूला ठेवला तरी ‘कसबा’ हे बिरुद, वीरगळ आणि नाणी हे तीन पुरावे एकाच जागी मिळतात, तेव्हा ती वस्ती एके काळी आजच्यापेक्षा खूप मोठी होती हे मान्य करावे लागते. जुना गावनकाशा घेऊन वीरगळांच्या मूळ जागा नोंदवल्या, तर त्या वस्तीचा विस्तार कागदावर दिसू लागेल. वीरगळ देवळाच्या आवारात आणून ओळीने मांडण्याची हल्लीची हौस चांगल्या हेतूची असते, पण मूळ जागा न नोंदवता दगड हलवला की अर्धा पुरावा नाहीसा होतो.

शिलाहारांचे ताम्रपट आणि शिलालेख हे तर शब्दांत काढलेले नकाशेच. दान दिलेल्या जमिनीच्या चारी दिशांना काय आहे हे त्यांत सांगितलेले असते: अमका ओढा, तमका रस्ता, अमक्या गावाची शीव. शके १०३२, म्हणजे इ. स. १११० च्या ताम्रपटात राजा गंडरादित्याने मिरज प्रदेशातल्या इरुकुडी इथे ‘गंडसमुद्र’ नावाचा तलाव बांधल्याचा आणि त्याच्या काठी शिव, बुद्ध आणि जिन यांची स्थापना केल्याचा उल्लेख आहे. इरुकुडी म्हणजे हातकणंगले तालुक्यातले रुकडी असे मानले जाते. वा. वि. मिराशी यांनी शिलाहारांचे सारे लेख एकत्र संपादित केले आहेत. ते लेख एका हाती आणि समोच्चरेषांचे पत्रक दुसऱ्या हाती घेऊन रुकडीच्या परिसरात पाणी कुठे अडू शकले असते हे पाहणे, यासारखा सुंदर अभ्यास एखाद्या महाविद्यालयाला सापडणे कठीण.

वाटांचे प्रकरण मात्र जपून हाताळावे. १६६० च्या जुलैत शिवाजी महाराज पन्हाळ्याहून निसटून विशाळगडाला पोचले. मसाईचे पठार, म्हाळुंगे, पांढरपाणी, गजापूरची खिंड ही नावे मराठी मुलांना पाठ असतात, आणि दर पावसाळ्यात हजारो तरुण ती वाट चालतात. एक इंची पत्रकावर या भागात तुटक रेषेने दाखवलेल्या पाऊलवाटा आहेत आणि त्यांतली एक उचलून ‘हीच ती वाट’ म्हणण्याचा मोह अनेकांना होतो. पण ते पत्रक घटनेनंतर अडीचशेहून अधिक वर्षांनी मोजलेले आहे. ते फार तर इतके सांगते की जंगलतोड, धरणे आणि डांबरी रस्ते येण्याआधी लोक या डोंगरातून कुठून ये-जा करत. डोंगरातली वाट पाणी आणि उतार पाहून ठरते, त्यामुळे ती फारशी हलत नाही, हा तर्क योग्य आहे. पण तो तर्कच. बखर, पत्रे आणि जमीन यांनी दुजोरा दिल्यावाचून तुटक रेषेला शिवकालाचा शिक्का मारणे ही इतिहासाची सेवा नव्हे.

घाटवाटांना असा शिक्का लागत नाही, कारण तिथे दगडच बोलतात. करूळ, फोंडा आणि आंबा घाटांतून गाडीरस्ते होण्याआधी कोकणातले मीठ, मासळी, नारळ आणि देशावरचे धान्य, गूळ हे बैलांच्या पाठीवरून अणुस्कुऱ्यासारख्या वाटांनी चढत-उतरत होते. अणुस्कुऱ्याची जुनी फरसबंदी अजून पाहता येते. गाडीरस्ता एका घाटाने गेला की दुसऱ्या घाटाच्या माथ्यावरचे पेठेचे गाव वाळत जाई. जुन्या नकाशात चार वाटा जिथे एकवटतात आणि आजच्या नकाशात जिथे साधा डांबरी रस्ताही संपतो, अशी गावे शाहूवाडी, राधानगरी, भुदरगडच्या पट्ट्यात शोधावीत. तिथे जकातीच्या चौकीची, बैलतळाची, एखाद्या मोठ्या विहिरीची आठवण सांगणारे लोक भेटतात.

पाण्याच्या बाबतीत जुना नकाशा केवळ हौशीचा उरत नाही. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती यांचे पाणी प्रयाग चिखलीजवळ एकत्र येऊन पंचगंगा होते आणि ती नरसोबाच्या वाडीला कृष्णेला मिळते. या सपाट पट्ट्यात जुनी गावठाणे उंचवट्यावर आहेत आणि मळई मोकळी, हे कोणत्याही जुन्या पत्रकावर दिसते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये महापूर आला तेव्हा शिरोलीजवळ राष्ट्रीय महामार्ग पाण्याखाली जाऊन बंद पडला. जुन्या पत्रकात त्या जागी शेते आहेत. पुराची पातळी ठरवणाऱ्या अभियंत्यांनी हे नकाशे पाहावेतच, पण घर बांधायला प्लॉट घेणाऱ्यानेही पाहावेत. कोल्हापूर शहरातही हाच धडा आहे: कपिलतीर्थाची मंडई झाली आणि वरुणतीर्थाचे मैदान, तळी बुजली तरी पाण्याची वाट बुजली नाही.

अशीच रोजच्या गरजेची दुसरी गोष्ट पाणंदीची. उसाने शिवार भरले तशा पाणंदी दोन्ही बाजूंच्या बांधांनी गिळल्या. काही फुटांची गाडीवाट माणूस आडवा होऊन जाईल एवढी उरली, आणि तोडणीच्या हंगामात भांडणे पेटतात. १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली तहसीलदारापुढे वहिवाटीचे दावे चालतात, तेव्हा जुना गावनकाशा हाच मोठा पुरावा ठरतो. इतिहासाचे वावडे असलेल्या शेतकऱ्यालाही नकाशा उलगडायला लावणारे निमित्त हेच. आणि अनुभव असा की पाणंद शोधायला बसलेली मंडळी तासाभरात आजोबांच्या काळात जाऊन पोचतात.

नकाशा काय दाखवत नाही हेही मुद्दाम पाहिले पाहिजे. छोट्या प्रमाणाच्या पत्रकात गावठाण म्हणजे काळे चौकोन. त्यापासून थोड्या अंतरावर वेगळे काढलेले दोन-तीन चौकोन कोणाचे, हे पत्रक सांगत नाही. गावातल्या प्रत्येकाला ते ठाऊक असते. वतनी जमिनींच्या नोंदी मात्र महसुली दप्तरात आहेत. शाहू महाराजांनी १९१८ साली महार वतने रद्द करून त्या जमिनी कसणाऱ्यांच्या नावे रयतावा करण्याचे धोरण आणले. त्याआधीची आणि नंतरची कागदपत्रे जुन्या नकाशावर रंगवून ठेवली, तर एका सामाजिक निर्णयाचा जमिनीवरचा आकार पाहायला मिळतो. सह्याद्रीतल्या धनगरवाड्यांची स्थिती याहून अवघड. त्यांची झोपडी कधी नकाशात येते, कधी नाही, आणि पुष्कळदा नावाशिवाय येते. वनखात्याच्या हद्दीत, शिकारीच्या राखीव रानात, पुढे अभयारण्यात त्यांच्या वाटा अडत गेल्या. दाजीपूरचे रान हे मूळचे संस्थानी शिकारीचे राखीव जंगल. तिथल्या जुन्या वहिवाटी धनगरांच्या तोंडूनच ऐकाव्या लागतील.

विस्मरणाला शंभर वर्षे लागतात असेही नाही. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत रशियातून इराणमार्गे आलेल्या सुमारे ५,००० पोलिश निर्वासितांची छावणी १९४३ ते १९४८ या काळात वळिवडे गावाजवळ होती. बहुतेक बायका, मुले आणि वृद्ध. बराकींच्या ओळी, शाळा, चर्च, दवाखाना असे एक पुरे पोलिश गाव पंचगंगेच्या खोऱ्यात पाच वर्षे नांदले. ते गेल्यावर तिथेच सिंधी निर्वासित आले आणि आजचे कापडबाजाराचे गांधीनगर उभे राहिले. कोल्हापूरच्या महावीर उद्यानात पोलिश लोकांनी उभारलेला स्मृतिस्तंभ आहे. १९३० च्या आधीच्या मोजणीत इथे माळ, १९४० नंतरच्या आठवणींत बराकी, आजच्या उपग्रहचित्रात दुकानांची दाटी. अवघ्या काही दशकांत एकाच माळाला तीन आयुष्ये लाभली, आणि मधल्या आयुष्याचा पत्ता अनेक कोल्हापूरकरांना वॉर्सातून पाहुणे आल्यावर लागला.

अशा मधल्या काळासाठी एक अनपेक्षित साधन आहे. अमेरिकेच्या कोरोना हेरउपग्रहांनी १९६० ते १९७२ या काळात टिपलेली ८ लाख ६० हजारांहून अधिक छायाचित्रे १९९५ मध्ये खुली झाली. दूधगंगेवर काळम्मावाडीचे धरण होण्याआधीचे खोरे, बुडालेल्या गावांची शिवारे, ऊस पसरण्याआधीचे माळ शोधायचे तर तिथे पाहावे. शीतयुद्धातल्या हेरगिरीने राधानगरी तालुक्यातल्या एखाद्या बुडालेल्या वाडीचे अखेरचे चित्र जपून ठेवलेले असावे, यातला विनोद कडवट आहे, पण चित्र कामाचे आहे.

साधनांचा शोध कोल्हापुरातच सुरू करता येतो. संस्थानचे दप्तर कोल्हापूरच्या पुरालेखागारात आहे, गावनकाशे आणि टिपणे तालुक्याच्या भूमि अभिलेख कार्यालयात, आणि छापील गॅझेटियर कोणत्याही जुन्या ग्रंथालयात. २०२१ मध्ये केंद्र सरकारने नकाशे आणि भूस्थानिक माहितीवरचे निर्बंध बरेच सैल केले, त्यामुळे पूर्वी ज्या पत्रकांसाठी परवानग्या काढाव्या लागत ती आता सहज मिळतात. अडचण कागद मिळण्याची कमी आणि वेळ निघून जाण्याची जास्त. शेतांची नावे सांगणारी पिढी ऐंशीच्या पुढे आहे. मालक बदलले, गट पडले, विहिरी बुजल्या, की ‘टेकाचे’, ‘चिंचेचे’, ‘धोंड्याचे’ ही नावे जातात आणि उरतो गट नंबर.

म्हणून वाचकांना एकच विनंती. आपल्या गावाचा सर्वांत जुना गावनकाशा मिळवा, त्याची मोठी प्रत काढा आणि गावातल्या जाणत्या माणसांसमोर, बायकांसमोरही, पसरा. पाणवठ्याच्या आणि रानाच्या वाटा त्यांना अधिक ठाऊक असतात. ते जे नाव सांगतील ते त्या जागेवर लिहा, सांगणाऱ्याचे वय आणि तारीख लिहा, आणि पटले नाही म्हणून काही खोडू नका. कोणाच्या माळ्यावर जुनी टिपणे, वाटणीपत्रे, जहागिरीचे नकाशे असतील तर मूळ कागद घरीच राहू द्या, पण त्यांची एक प्रत पुरालेखागाराला किंवा शिवाजी विद्यापीठाला नक्की द्या.